प्रकल्प नोंदी: ट्रिस्टनची वस्ती, 1:5000

8 जून

प्लाय आला. सुतारकाकांनी 130 बाय 35 सेंटीमीटरचा तुकडा कापून, कडा घासून दिला. "बेट म्हणालीस ना? मग हा लांबुडका पाट कशाला?" असं त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न होता. बेट गोलसरच आहे, साधारण 12 किलोमीटर व्यासाचं, समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखी. पण माणसं राहतात ती त्याच्या वायव्येकडच्या एका चिंचोळ्या पट्टीवर. मला ती पट्टीच करायची आहे.

काम असं: दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा बेटावरच्या एकमेव वस्तीचं मॉडेल, ग्रंथालयाच्या बालविभागासाठी. सोबत भिंतीवर पाच-सहा फलक. भाची आठवीत आहे, तिने मदतीला यायचं कबूल केलंय. तात्पुरतं शीर्षक: 'जगातली सर्वांत एकाकी वस्ती'.

प्रमाण 1:5000 ठरवलं. म्हणजे 1 सेंटीमीटरला 50 मीटर. सपाटी सुमारे 6 किलोमीटर लांब, ती 120 सेंटीमीटरमध्ये बसते. मागचे कडे सुमारे 600 मीटर उंच, ते 12 सेंटीमीटर होतील. अख्खं बेट याच प्रमाणात करायचं तर अडीच मीटरचं टेबल लागलं असतं आणि 2062 मीटरचं क्वीन मेरीज पीक 41 सेंटीमीटर वर आलं असतं. जागा नाही, आणि शिखरावर कुणी राहतही नाही.

15 जून

आज प्लायला हातही लावला नाही, आणि तरी हा दिवस कामी आला. सर्वांत जवळची दुसरी मनुष्यवस्ती सेंट हेलिनावर, 2437 किलोमीटर उत्तरेला. आमच्या प्रमाणात 487 मीटर. भाची म्हणाली, "मावशी, चालून बघू या." पाट ओट्यावर ठेवला आणि निघालो. पन्नास मीटरची दोरी दहा वेळा टाकली, शेवटची थोडी आखूड. पाट पहिल्या वळणालाच दिसेनासा झाला. दोरीच्या शेवटी ती उभी राहिली आणि मी परत पाटापाशी आले, तेव्हा मध्ये निव्वळ पाणी म्हणजे काय ते पायांना कळलं. केपटाउन पूर्वेकडे, सुमारे 2800 किलोमीटर, म्हणजे याहूनही सत्तर मीटर पुढे. विमानतळ नाही. केपटाउनहून बोटीने आठवडाभर, हवा बिघडली तर जास्त, आणि पोचल्यावरही बंदरात उतरता येईलच असं नाही. लाटा मोठ्या असल्या तर नुसतं बेट बघून परत फिरलेल्या बोटी पुष्कळ आहेत. 1506 मध्ये ज्या पोर्तुगीज दर्यावर्दीने हे बेट पाहिलं आणि त्याला आपलं नाव दिलं, त्या त्रिस्ताव दा कुन्यालाही उतरता आलं नव्हतं.

22 जून

कड्यांचे थर. 3 मिलिमीटरचा फोम-बोर्ड, चार थर म्हणजे 60 मीटर. कड्यांसाठी चाळीस थर. बोटं दुखतात.

6 जुलै

मोठी चूक सापडली. वर दिवा बसवायचा म्हणून मी तो कड्यांच्या बाजूने, दक्षिणेकडून लावला होता. आपल्या सवयीनं, सूर्य दक्षिणेकडे कललेला. त्यामुळे अख्खी वस्ती कड्यांच्या सावलीत गेली, आणि मी फलकासाठी तसं वाक्यही लिहून ठेवलं होतं: 'कड्यांच्या सावलीत दडलेलं गाव'. भाचीने भूगोलाचं पुस्तक पुढे केलं. बेट 37 अंश दक्षिणेला. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने उत्तरेकडे असतो. कडे दक्षिणेला, समुद्र उत्तरेला. म्हणजे दुपारचं ऊन समुद्रावरून थेट घरांच्या तोंडावर.

दिवा काढून पलीकडे लावला. सगळं बदललं. कडे उजळले, पट्टी उजळली, घरांच्या जागा उठून दिसायला लागल्या. तेच गाव दडलेलं वाटत होतं, ते आता ऊन खात बसलेलं वाटतं. वाक्य खोडलं. शीर्षकातल्या 'एकाकी'कडेही जरा संशयाने बघितलं, पण ठेवलं.

13 जुलै

घरं. बारा मीटरचं घर इथे अडीच मिलिमीटर भरतं, तांदळाच्या कणीएवढं. चिमट्याने उचलून गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचं. आज चाळीस झाली.

जुनी घरं कशी होती ते वाचल्यावर हात आपोआप सावकाश चालायला लागला. ज्वालामुखीच्या दगडाच्या जाड भिंती, घर ठेंगणं आणि लांबट, दर्शनी बाजू समुद्राकडे. छपराला न्यूझीलंडहून आणून लावलेल्या फ्लॅक्स नावाच्या वनस्पतीच्या पात्यांचं शाकार. बांधकामाला जोगं झाड बेटावर नाही, म्हणून तुळया, दारं, फळ्या यायच्या फुटलेल्या जहाजांतून आणि किनाऱ्याला लागलेल्या लाकडांतून. कुणाच्या तरी बुडालेल्या गलबताचं लाकूड कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर व्हायचं. आता पत्रे आहेत. वारा मात्र तोच. 2001 च्या मे महिन्यातल्या वादळाने कितीतरी छपरं उडवली, दवाखान्याचंही.

भाचीने सगळी घरं अगदी एका रांगेत लावायला घेतली होती. थांबवलं. गाव आखून वसलेलं नाही, ओहोळ आणि उतार बघून वसलंय.

27 जुलै

फलक पहिला: माणसं. अडीचशेहून कमी. बरीच वर्षं सातच आडनावं होती: ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेत्तो, लावारेलो. मी सात ओळींत सात मूळ ठिकाणं लिहायला बसले आणि लक्षात आलं की यातली निम्मी माणसं तिथे मुद्दाम गेलेलीच नाहीत. ग्रीन हा मुळात ग्रून, हॉलंडमधल्या काटवेकचा. 1836 मध्ये त्याचं जहाज फुटलं. रेपेत्तो आणि लावारेलो इटलीतल्या कामोग्लीचे, त्यांचं 1892 मध्ये. बेटावरच्या दवाखान्याला आजही कामोग्लीचंच नाव आहे. आणि बायका? 1827 मध्ये बेटावरच्या एकट्या पुरुषांनी एका कप्तानाकडे निरोप धाडला, त्यावर सेंट हेलिनाहून पाच जणी आल्या. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाशी, जे कधी पाहिलं नाही अशा बेटावर, संसार करायला. त्यांच्याबद्दल कागदावर फार थोडं उरलंय. कप्तानाच्या आधी मी त्यांची ओळ घातली.

3 ऑगस्ट

आजचा दिवस एका कागदावर गेला, आणि तो या सगळ्या कामाचा पाया ठरला असं वाटतं.

1816 मध्ये ब्रिटिशांनी इथे फौजेची तुकडी ठेवली. नेपोलियन सेंट हेलिनावर कैदेत होता, त्याला सोडवायला कुणी या बेटाचा आधार घेऊ नये म्हणून. वर्षभरात तुकडी परत बोलावली. विल्यम ग्लास हा स्कॉटलंडचा कॉर्पोरल मात्र बायको आणि मुलांसह मागे राहिला, आणखी दोन साथीदारांबरोबर. 7 नोव्हेंबर 1817 ला त्यांनी एक करारनामा केला. मजकूर एवढाच: गुरंढोरं आणि साठा सगळ्यांचा सारखा, जो नफा होईल तो सारखा वाटायचा, जे विकत घ्यायचं त्याचे पैसे सगळ्यांनी सारखे भरायचे, आणि कुणीही कुणावर वरचढपणा करायचा नाही, सगळे समान.

मूठभर माणसं, समोर दोन महिने उलटले तरी एक शीड दिसायचं नाही अशी जागा, आणि त्यांनी पहिल्यांदा काय लिहून काढलं, तर वाटणी कशी करायची ते. मी हे भाचीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, मग भांडण झालं तर?" भांडणं झालीच असणार. पुढे माणसं वाढली, घरं स्वतंत्र झाली, करार अक्षरशः पाळला जाईना. तरी त्याचं सार उरलं. आजही जमीन बेटाची सामाईक, बाहेरच्याला विकत घेता येत नाही. कुरण सगळ्यांचं म्हणून एका घराने गुरं आणि मेंढ्या किती पाळायच्या याला मर्यादा, कारण एकाने जास्त पाळली तर दुसऱ्याच्या गाईचं गवत जातं. निवडून आलेलं मंडळ आहे, त्यात किमान एक बाई हवीच असा नियम आहे, आणि मुख्य बेटवासीही मतदानानेच ठरतो.

या कराराचा फलक सगळ्यांत मोठ्या अक्षरांत.

17 ऑगस्ट

पॅचेस. बटाट्याचे वाफे. वस्तीपासून पश्चिमेला सुमारे तीन मैल, मॉडेलवर जवळजवळ एक मीटर. म्हणजे माझ्या पाटाच्या एका टोकाला घरं आणि दुसऱ्या टोकाला शेतं, आणि मध्ये फक्त एक रस्ता. बेटावरचा तो एकमेव मोठा रस्ता.

हा भाग मी आधी 'रिकामा' म्हणून नुसता हिरवा रंगवून ठेवला होता. आज खरवडून पुन्हा केला. जितकं वाचते तितकं वाटतं की हे मॉडेल वस्तीचं नाहीच, या रस्त्याचं आहे. प्रत्येक घराचे आपापले तुकडे, भोवती कोरड्या दगडांचे गडगे, वारा अडवायला आणि गुरं रोखायला. पूर्वी ये-जा बैलगाडीने. खताला नाइटिंगेल बेटावरून आणलेली पक्ष्यांची विष्ठा आणि मेंढ्यांची टाकाऊ लोकर. लोकर मातीत पुरायची हे मला फार आवडलं: अंगावर घालायला नालायक ठरलेला पुंजका बटाट्याला ऊब देतो. गडग्यांच्या आडोशाला छोट्या झोपड्या आहेत, तिथे लोक सुट्टीत मुक्कामाला जातात. घरापासून तीन मैलांवर, आणि तेवढ्याने हवापालट होतो.

बटाटा हा नुसता खाण्याचा पदार्थ नव्हता. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बेटावर नाणी जवळपास नव्हतीच. 1946 मध्ये स्वतःचं पोस्टाचं तिकीट मिळावं म्हणून बेटवासीयांच्या वतीने जो नमुना पाठवला, त्यावर किंमत दोन प्रकारे छापली होती: एक पेनी, किंवा चार बटाटे. भाचीने त्या तिकिटाची मोठी आवृत्ती काढायला घेतलीय. पोस्टाला चार बटाटे फार की थोडे, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली.

आणि 1882. एक जहाज किनाऱ्याला लागलं आणि त्यातून उंदीर उतरले. त्याआधी बेटावर उंदीर नव्हता. पिकं खाल्ली, पक्ष्यांची अंडी खाल्ली. अजून वर्षातला एक दिवस सगळी वस्ती संघ करून उंदीर मारायला बाहेर पडते.

गडगे करायला मोहरी वापरली, गोंदात एकेक दाणा. साडेतीन तासांत दोन वाफे.

24 ऑगस्ट

कड्याच्या पुट्टीला तडा. पहिला थर नीट वाळायच्या आत दुसरा दिला होता, घाई माझी. खरवडून पुन्हा. बाकी काही नाही.

7 सप्टेंबर

'डाँग'. हा शब्द मराठीत काय करायचा यावर अडले होते, त्यांचाच ठेवला.

रिकामा गॅस सिलिंडर टांगलेला. पहाटे समुद्र शांत दिसला की त्यावर ठोके पडतात, आणि आज मासेमारीचा दिवस हे सगळ्या गावाला कळतं. मग सुतार, मेकॅनिक, कचेरीतला माणूस, आपापलं काम टाकून बोटींवर. पकडायचा तो खडकांतला शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, बेटाच्या कमाईचा मुख्य आधार. दिवस मावळता बोटी परतल्या की कारखान्याचे दिवे लागतात आणि माल संपेपर्यंत, प्रसंगी रात्री उशिरापर्यंत, वस्तीतल्या बायका-पुरुष तिथे उभे. असे दिवस वर्षात मोजकेच येतात, म्हणून त्यातला एकही वाया घालवायचा नसतो.

भंगारवाल्याकडून लोखंडी नळीचा वीतभर तुकडा आणला. टेबलाच्या बाजूला टांगायचा, शेजारी एक खिळा दोरीला. आवाज खणखणीत आहे. ग्रंथपाल मॅडमना विचारायला हवं.

8 सप्टेंबर

मॅडम हो म्हणाल्या. "दिवसातून एकदाच," अशी अट.

21 सप्टेंबर

बोटी. लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या, लाकडी सापळ्यावर ताणलेला आणि रंगवलेला कॅनव्हास. लाकूडच नाही तर बोट कापडाची, हे त्यांनी शोधलेलं उत्तर. हलक्या, म्हणून माणसांनी उचलून किनाऱ्यावर घेता येतात. याच बोटी शीड उभारून 38 किलोमीटरवरच्या नाइटिंगेलला जायच्या.

बोट करायला बसले आणि 1885 ची नोंद समोर आली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, बेटापासून दूर जाणाऱ्या एका जहाजाला गाठायला पंधरा पुरुष होडी घेऊन निघाले. धान्य हवं होतं, बदल्यात द्यायला माल होता. पंधराच्या पंधरा परत आले नाहीत. तेव्हाची सगळी वस्ती शंभराच्या आसपास. बहुतेक घरांतला कर्ता पुरुष एका दुपारी गेला. पुढची कितीतरी वर्षं गाव विधवांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी चालवलं. वाफे नांगरले गेले, गुरं राखली गेली.

बोटी आज पूर्ण केल्या नाहीत.

5 ऑक्टोबर

लाव्हा. वस्तीच्या अगदी पूर्वेला काळी जीभ, समुद्रात घुसलेली. कोळशाची भुकटी आणि गोंद. पॅचेसनंतर सर्वांत जास्त वेळ इथेच गेला.

1961 च्या ऑगस्टपासून जमीन हादरत होती. ऑक्टोबरमध्ये घरांच्या मागेच जमीन फुगली, फाटली आणि त्यातून दगड वर यायला लागले. सगळे 264 जण निघाले. आधी एक थंडगार रात्र पॅचेसवरच्या झोपड्यांत, मग बोटींनी नाइटिंगेलवर, तिथून एका डच जहाजाने केपटाउन, आणि शेवटी इंग्लंड. साउथॅम्प्टनजवळ कॅलशॉट इथे त्यांची राहायची सोय झाली. लाव्ह्याने शेवंडांचा कारखाना गिळला, बोटी लावायचे किनारे गिळले. घरं बहुतेक वाचली.

इंग्लंडमध्ये त्यांना नोकऱ्या, वीज, दुकानं, सगळं मिळालं. आणि थंडीत छातीचे आजार मिळाले; बेटावर दम्याचं प्रमाण आधीच मोठं. पुष्कळांना वाटलं की आता हे लोक इथलेच होतील. डिसेंबर 1962 मध्ये मतदान झालं. परत जायचं: 148. राहायचं: 5.

हा आकडा मी वहीत तीनदा लिहिला. ही माणसं आता जगापासून तुटलेली नव्हती. जग त्यांनी पाहिलं होतं, त्यात राहून पाहिलं होतं, पगार घेऊन पाहिला होता. आणि त्यांनी ठरवलं.

12 ऑक्टोबर

शीर्षक बदललं. 'एकाकी' गेलं. 148 विरुद्ध 5 लिहिलेल्या फलकावर तो शब्द ठेवणं मला खोटं वाटतं. एकाकी ते आपल्या नकाशावर आहेत. तिथे पहाटे लोखंडावर ठोका पडला की सगळं गाव उठतं.

अधिकृत नाव एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज. 1867 मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा, राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव, बेटावर येऊन गेले, त्यांच्या सन्मानार्थ ठेवलेलं. हेच नाव पुढे अडचणीचं झालं: टपाल स्कॉटलंडच्या एडिंबरात जायचं. म्हणून 2005 मध्ये त्यांना स्वतःचा पिनकोड मिळाला, टीडीसीयू 1झेडझेड. पण बेटावरचे लोक गावाला हे नाव घेतच नाहीत. ते म्हणतात, 'द सेटलमेंट'. दुसरी नाहीच, तर नाव कशाला?

नवं शीर्षक: 'वस्ती'.

1963 मध्ये परतल्यावर किनारे उरले नव्हते, म्हणून नवं बंदर बांधावं लागलं. 1967. त्याचं नाव कॅलशॉट. ज्या गावाने आसरा दिला त्याचं. लाव्ह्याच्या पश्चिम कडेला, दोन आगपेटीच्या काड्यांएवढे बांध.

26 ऑक्टोबर

जागांची नावं. कागदाच्या पट्ट्या, टाचणीवर. तिथल्या काही नावांत अख्खी गोष्टच असते, नकाशावर छापलेली. एक कडा आहे, त्याच्या नावाचा अर्थ 'जिथून बकरीने उडी टाकली ती सोंड'. दुसरी जागा, 'पाद्रीबाबांनी सामान उतरवलं तो खालचा भाग'. मूळ नाव लिहून खाली मराठी दिलं. भाचीने चार रात्री हे काम एकटीने केलं.

एक फलक 2011 चा. मार्चमध्ये एक मालवाहू जहाज नाइटिंगेलच्या खडकावर चढलं, तेल सांडलं, आणि हजारो रॉकहॉपर पेंग्विन माखले. बेटावरचे लोक त्यांना 'पिनामिन' म्हणतात. 3700 च्या आसपास पक्षी उचलून वस्तीत आणले, धुतले, भरवले. पोहण्याचा तलाव त्यांच्यासाठी मोकळा केला. पुष्कळसे मेले, तरी. 2020 मध्ये याच बेटांनी भोवतालचा जवळजवळ सात लाख चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला. अडीचशे माणसांनी.

9 नोव्हेंबर

मांडणी झाली. पाट खिडकीपाशी, दिवा उत्तरेकडून. पॅचेसचं टोक दाराकडे ठेवलं, म्हणजे आत येणाऱ्याला आधी बटाट्याचे वाफे दिसतात आणि रस्त्याने नजर घरांपर्यंत जाते. पंधरा जणांची बोट किनाऱ्यावर नाही, पाण्यात ठेवली. टेबलाच्या कडेला बाण: 'सेंट हेलिना, या बाजूने 487 मीटर'.

तिसरीतला एक मुलगा बराच वेळ घरं मोजत होता. मग त्याने नळी पाहिली आणि भाचीकडे बघितलं. तिने खिळा त्याच्या हातात दिला. एक ठोका. वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली.

"आता?" त्याने विचारलं.

"आता बोटी काढायच्या," ती म्हणाली, आणि त्याला बंदर कुठे आहे ते दाखवायला वाकली.